‘गेट वेल सून’च्या पुढे

स्पर्धकांना हेलिकॉप्टरला लटकवणारा, पाण्याच्या टाकीत उतरवणारा आणि वर धीर देणारा माणूसच जखमी झाला तर? जानेवारी २०२३ मध्ये तसं झालं. ‘खतरों के खिलाडी’चा होस्ट रोहित शेट्टी हैदराबादच्या रामोजी फिल्म सिटीत ‘इंडियन पोलीस फोर्स’ या वेब सिरीजसाठी गाड्यांच्या पाठलागाचा सीन शूट करत होता. त्यात त्याच्या हाताला लागलं. छोटी शस्त्रक्रिया झाली आणि तो लगेच कामावर परतलासुद्धा. विषय संपला. पण ‘रोहित शेट्टी हॉस्पिटलमध्ये’ ही पहिली बातमी आणि ‘काळजीचं कारण नाही’ ही दुसरी बातमी, या दोन्हींच्या मधे गेलेला वेळ कसा गेला ते त्याच्या फॅन्सना विचारा.

त्या वेळात आपण सगळेच साधारण तेच करतो. फोन हातातून सुटत नाही. फॅन पेजवर काही नवीन आलंय का, बघत बसतो. ग्रुपवर कुणीतरी ‘सोर्स काय?’ विचारतं, कुणीतरी त्याच्यावर चिडतं. मग स्टोरीला जुना फोटो, हात जोडलेला इमोजी आणि ‘गेट वेल सून’. दोन दिवसांनी लेक्चर, सबमिशन, दुसरा कुठला तरी ट्रेंड. ही काळजी खोटी नसते. फक्त ती स्टोरीबरोबर चोवीस तासांत उडून जाते. हीच काळजी कधी कुणाच्या उपयोगी पडते आणि कधी कुणाच्या जिवावर उठते, हे बघायला थोडं मागे जाऊया.

ओळख नाही, तरी पोटात गोळा

ज्याला आपण कधी भेटलो नाही, त्याच्यासाठी पोटात गोळा का येतो? मास कॉमच्या वर्गात या प्रश्नाला एक जुनं उत्तर शिकवतात. १९५६ मध्ये, अमेरिकेत टीव्ही घराघरात शिरत होता तेव्हा, डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोन अभ्यासकांनी एक लेख लिहिला. टीव्हीवरच्या माणसांशी प्रेक्षकांचं जे एकतर्फी नातं जुळतं, त्याला त्यांनी ‘पॅरासोशल’ असं नाव दिलं. गंमत म्हणजे त्यांच्या डोळ्यांसमोर मुख्यतः टीव्हीचे होस्ट, अनाउन्सर, मुलाखत घेणारे लोक होते.

ते बरोबरच आहे. हिरो पडद्यावर हिरोइनशी बोलतो, व्हिलनशी भांडतो. होस्ट मात्र कॅमेऱ्यात बघून थेट आपल्याशी बोलतो. आपली विचारपूस करतो, आपल्याला थांबायला सांगतो, ‘ब्रेकनंतर भेटू’ म्हणतो. आपल्याकडे तर यापुढची पायरी झाली. २००४ मध्ये ‘होम मिनिस्टर’ सुरू झालं आणि आदेश बांदेकर अख्ख्या महाराष्ट्राचे ‘भावोजी’ झाले. टीव्हीवरच्या माणसाला नात्याचं नाव देऊन टाकणारे आपण लोक. अशा घरातल्या वाटणाऱ्या माणसाला काही झालं, तर घास घशाखाली उतरत नाही, यात वेड्यासारखं काही नाही.

ब्रीच कँडीबाहेरचे दिवस

आपल्या पिढीला अमिताभ बच्चन हे आधी ‘केबीसी’चे होस्ट म्हणून माहीत झाले आणि नंतर ‘शोले’, ‘दीवार’चे हिरो म्हणून. ‘केबीसी’ सुरू झालं जुलै २००० मध्ये. पण त्याच्या अठरा वर्षं आधी या माणसासाठी देशाने जी काळजी केली, तशी दुसऱ्या कुठल्या नटासाठी क्वचितच केली असेल.

जुलै १९८२. बंगळुरूच्या विद्यापीठाच्या आवारात मनमोहन देसाईंच्या ‘कुली’चं शूटिंग चालू होतं. मारामारीचा सीन. समोर पुनीत इस्सर. अमिताभ यांनी ठोसा खाऊन टेबलावर आणि तिथून जमिनीवर पडायचं होतं. स्टंट ते स्वतः करत होते. उडीचा अंदाज चुकला आणि टेबलाचा कोपरा पोटात बसला. आतड्याला गंभीर इजा झाली. बंगळुरूत ऑपरेशन झालं, मग विमानाने मुंबईला, ब्रीच कँडी हॉस्पिटलमध्ये. २ ऑगस्टला परिस्थिती अशी झाली की डॉक्टरांनी जवळजवळ आशा सोडली होती. त्यातून ते परत आले. म्हणून २ ऑगस्ट हा आपला दुसरा जन्मदिवस, असं ते आजही मानतात. हॉस्पिटलमधून घरी जायला २४ सप्टेंबर उजाडला.

तो काळ डोळ्यांसमोर आणून बघा. टीव्ही म्हणजे फक्त दूरदर्शन. मुंबईत गिरणी संप जानेवारीपासून चालू होता, लाखो घरांत पगार येत नव्हता. आपल्या मीरा-भाईंदरला तर महापालिका सोडा, नगरपालिकासुद्धा नव्हती. ती झाली १९८५ मध्ये, पाच ग्रामपंचायती एकत्र करून. आज जिथे टॉवर दिसतात, तिथे बऱ्याच ठिकाणी मिठागरं होती. बातमी कळायची ती सकाळच्या पेपरातून, नाहीतर रेडिओवरून. रिफ्रेश करायला काही नव्हतंच. लोक थेट ब्रीच कँडीच्या बाहेर जाऊन उभे राहायचे. मंदिरात अभिषेक, दर्ग्यात चादर, चर्चमध्ये प्रार्थना, सगळं एकाच माणसासाठी.

‘कुली’ १९८३ मध्ये रिलीज झाला. आधीच्या गोष्टीत शेवटी हिरो मरणार होता. देसाईंनी शेवट बदलला, हिरो जगला. ज्या सीनमध्ये लागलं, तिथे फिल्म क्षणभर थांबते आणि पडद्यावर तशी पाटी येते. फॅनच्या काळजीने सिनेमाचा शेवट बदलायला लावला, असं म्हटलं तरी चालेल.

त्याच काळजीची दुसरी बाजू

ही झाली सगळ्यांना आवडणारी गोष्ट. आता जी कमी सांगितली जाते ती.

पुनीत इस्सर तेव्हा नवा होता. त्याने सांगितलेला सीन केला होता. पण अमिताभ आयसीयूमध्ये आणि ठोसा मारणारा हा, एवढं लोकांना पुरलं. फॅन्सच्या डोक्यात तो खराखुरा व्हिलन झाला. त्यानंतर आपल्या हातचे सिनेमे गेले, असं त्याने पुढे मुलाखतींमधून सांगितलंय. अमिताभ यांनी स्वतः त्याला भेटीला बोलावून, तुझी चूक नाही, असा धीर दिला, हेही त्यानेच सांगितलंय. म्हणजे ज्याला लागलं त्याने माफ केलं आणि ज्यांना काळजी होती त्यांनी नाही. पुढे १९८८ मध्ये ‘महाभारत’ मालिकेत तो दुर्योधन म्हणून घराघरात पोहोचला, पण मधली वर्षं कशी गेली असतील?

आज हे काम काही मिनिटांत होतं. सेटवर अपघात झाला की संध्याकाळपर्यंत ‘कुणामुळे झालं’ ते ठरलेलं असतं आणि त्या माणसाच्या कमेंट बॉक्समध्ये आपलीच मंडळी असतात. काळजीचा राग व्हायला वेळ लागत नाही.

आणि काळजीची अफवा व्हायलाही. ‘इक्बाल’ आणि ‘माझी तुझी रेशीमगाठ’मधला आपला श्रेयस तळपदे, ‘पुष्पा’चा हिंदी आवाज, डिसेंबर २०२३ मध्ये दिवसभर शूटिंग करून घरी आला आणि त्याला हार्ट अटॅक आला. अँजिओप्लास्टी झाली, तो वाचला. सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. त्यानंतर ऑगस्ट २०२४ मध्ये एक दिवस तो गेल्याचीच पोस्ट फिरायला लागली. शेवटी त्याला स्वतःला सोशल मीडियावर लिहावं लागलं की, मी जिवंत आहे, ठीक आहे. त्याची लहान मुलगी आधीच बाबाच्या तब्येतीला घाबरलेली असते आणि अशा पोस्टमुळे तिची भीती वाढते, हेही त्याने लिहिलं. ती पोस्ट पुढे ढकलणाऱ्यांतल्या बहुतेकांनी खाली ‘ओम शांती’च लिहिलं असणार. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. पण घरात शाळेत जाणारी मुलगी आहे, हे त्या वेळी कुणाच्या लक्षात आलं?

प्रेमाने दिलेलं रक्त

आता परत ब्रीच कँडीकडे, कारण या विषयातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तिथेच आहे.

अमिताभ यांना त्या आजारपणात भरपूर रक्त लागलं. सुमारे दोनशे जणांनी रक्त दिलं आणि साठेक बाटल्या आपल्याला चढवल्या गेल्या, असं त्यांनी अनेकदा जाहीरपणे सांगितलंय. त्या दोनशेंमधल्या एकाच्या रक्तात हिपॅटायटिस बीचा विषाणू होता. तेव्हा आजच्यासारखी प्रत्येक बाटलीची तपासणी होत नव्हती. विषाणू शरीरात शिरला आणि वर्षानुवर्षं गुपचूप काम करत राहिला. २००० च्या आसपास, म्हणजे ‘केबीसी’च्या सुमाराला, साध्या चेकअपमध्ये कळलं की लिव्हरचा बराच भाग निकामी झालाय. आपण पंचवीस टक्के लिव्हरवर जगतोय, असं ते सांगतात. २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने दक्षिण-पूर्व आशियासाठी हिपॅटायटिसचे सदिच्छादूत म्हणून त्यांना नेमलं, त्यामागे हा अनुभव आहे.

थोडं थांबून विचार करा. रक्त देणाऱ्याच्या मनात काय असेल? प्रेमच. त्याला स्वतःलाही माहीत नसणार की आपल्या रक्तात काय आहे. त्याच्या रक्ताने जीवही वाचवला आणि आजारही दिला. चूक प्रेमाची नव्हती. प्रेमाच्या मागे तपासणीची व्यवस्था नव्हती. नुसती काळजी पुरत नाही, तिला व्यवस्था लागते, हे यापेक्षा स्पष्ट कसं सांगणार?

ती व्यवस्था आज आहे. पैसे घेऊन रक्त देण्याला १९९६ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर बंदी आली. दान केलेल्या प्रत्येक बाटलीची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, सिफिलिस आणि मलेरिया या पाच गोष्टींसाठी तपासणी सक्तीची आहे. आता कमी पडतात ती माणसं. दर वर्षी मे महिन्यात आणि दिवाळीत मुंबई आणि आसपासच्या रक्तपेढ्या रक्तासाठी आवाहन करतात. कारण आपणच. कॉलेजांना सुट्टी, एनएसएसची शिबिरं बंद, सगळे गावाला. अपघात मात्र सुट्टी घेत नाहीत.

एका तासाच्या उड्डाणासाठी

काळजी योग्य जागी पोहोचली की काय होतं, याचं एक छान उदाहरण इंग्लंडमध्ये आहे. ‘टॉप गिअर’ हा बीबीसीचा गाड्यांचा शो आपल्याकडेही अनेकांनी पाहिलाय. त्याचा एक होस्ट रिचर्ड हॅमंड. २० सप्टेंबर २००६ रोजी यॉर्कजवळच्या एल्व्हिंग्टन एअरफील्डवर तो जेट इंजिन बसवलेली गाडी चालवत होता. वेग ताशी ४६० किलोमीटरच्या आसपास. पुढचा टायर फुटला, गाडी उलटली. मेंदूला गंभीर दुखापत. यॉर्कशायर एअर अॅम्ब्युलन्सच्या हेलिकॉप्टरने त्याला लीड्सच्या हॉस्पिटलमध्ये नेलं.

फॅन्सना धक्का बसला. तेही आपल्यासारखेच बातमीची वाट बघत बसले होते. पण त्यांच्यातल्या काहींच्या लक्षात आलं की ज्या हेलिकॉप्टरने त्याला वेळेत पोहोचवलं, ते लोकांच्या देणग्यांवर चालतं. मग ठरलं, फुलं पाठवण्यापेक्षा त्या हेलिकॉप्टरला पैसे पाठवू. सुरुवातीची इच्छा साधी होती, निदान एखादं उड्डाण निघेल एवढे पैसे जमावेत. जमले एक लाख पौंडांहून जास्त. हॅमंड पुढच्या जानेवारीत शोवर परतला. त्या पैशांनी पुढे ज्यांच्यासाठी हेलिकॉप्टर उडालं, त्यांची नावं कुठल्याच फॅनला माहीत नसतील. त्या अपघाताची सरकारी सुरक्षा यंत्रणेने चौकशी केली आणि शोच्या तयारीतल्या त्रुटीही दाखवल्या.

याच शोमध्ये डिसेंबर २०२२ मध्ये पुन्हा मोठा अपघात झाला. या वेळी जखमी झाला अँड्र्यू फ्लिंटॉफ. हो, तोच. फेब्रुवारी २००२ मध्ये वानखेडेवर भारताला हरवून शर्ट काढून पळणारा आणि ज्याला गांगुलीने लॉर्ड्सच्या गॅलरीतून शर्ट फिरवून उत्तर दिलं तो. तीन चाकांची गाडी उलटली, चेहऱ्याला भयंकर जखमा झाल्या. त्यानंतर तो कित्येक महिने लोकांसमोर आलाच नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये इंग्लंडच्या टीमबरोबर दिसला, तेव्हा चेहऱ्यावरच्या खुणा दिसत होत्या. बीबीसीने शो थांबवला. आपली काळजी दोन दिवसांची असते आणि माणसाचं बरं होणं वर्षाचं, कधी त्याहून जास्त. मधल्या काळात त्याने काही सांगितलं नाही तर न विचारणं, हीसुद्धा काळजीच. अमिताभ यांना मार्च २०२३ मध्ये हैदराबादला शूटिंग करताना बरगडीला लागलं, तेव्हा त्यांनी स्वतःच ब्लॉगवर लिहून सांगितलं आणि फॅन्सना त्या रविवारी ‘जलसा’बाहेर न येण्याची विनंती केली. १९८२ चे फॅन हॉस्पिटलबाहेर उभे होते. २०२३ च्या फॅनकडून फक्त घरी राहण्याची अपेक्षा होती.

आपल्या बिल्डिंगमधला डुप्लिकेट

आता आपल्याकडे या. काशीमिरा, घोडबंदर रोड, पुढे नायगावपर्यंत मालिकांचे सेट आहेत. मीरा रोडला राहणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. सकाळी रिक्षा स्टँडवर, संध्याकाळी चहाच्या टपरीवर या लाइनीतली माणसं भेटतात. ज्युनिअर आर्टिस्ट, स्पॉटबॉय, लाइटमन, फाइट मास्टरची पोरं. हिरो जिथे पडायला हवा, तिथे त्याच्या जागी पडणारा ‘डुप्लिकेट’ यांच्यातलाच.

त्याला लागलं तर? १३ जुलै २०२५ रोजी तमिळनाडूत दिग्दर्शक पा. रंजित यांच्या सिनेमाच्या सेटवर गाडी उलटवण्याचा स्टंट करताना स्टंटमन एस. एम. राजू यांचा मृत्यू झाला. तो व्हिडिओ देशभर फिरला. अक्षय कुमारने साडेसहाशेहून जास्त स्टंट कलाकारांच्या विम्याची सोय केल्याची बातमीही त्याच दिवसांत आली. चांगलंच आहे. पण जीव धोक्यात घालून काम करणाऱ्याचा विमा एका स्टारच्या मनावर अवलंबून असावा का? तो कामाच्या करारातच असायला हवा, हे विचारायची सगळ्यात जास्त ताकद कुणाकडे आहे? तिकीट काढणाऱ्या आणि एपिसोड बघणाऱ्या फॅनकडेच. हिरोच्या अपघातानंतर आपण ‘कसा आहे?’ विचारतो. ‘त्याच्याबरोबर आणखी कुणाला लागलं का?’ हा दुसरा प्रश्नही त्याच पोस्टखाली लिहिता येतो.

दहीहंडीच्या बाबतीत हे थोडंफार झालं. वर्षानुवर्षं गोविंदा पडत होते, बातम्या येत होत्या. कोर्टात दाद मागितली गेली, लहान मुलांना थर लावण्यावर बंधन आलं, २०२२ मध्ये राज्य सरकारने त्याला साहसी खेळाचा दर्जा दिला आणि पथकांना विम्याचं कवच मिळायला लागलं. हे आपोआप झालं नाही. कुणीतरी चिकाटीने प्रश्न विचारत राहिलं.

मग करायचं काय?

पुढच्या वेळी आपल्या आवडत्या कुणाला लागल्याची बातमी आली की स्टोरी जरूर टाका. त्याबरोबर एवढं करता येईल:

• कुटुंबाने, हॉस्पिटलने किंवा त्याच्या टीमने सांगितलं नसेल, तर फॉरवर्ड करू नका. हॉस्पिटलमधला फोटो किंवा व्हिडिओ आला तर तो तुमच्या फोनमध्येच थांबू द्या.

• त्याच्या नावाने रक्तदान करा. वय १८ पूर्ण, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन १२.५ किंवा जास्त आणि तब्येत ठीक असेल, तर चालतं. मुलांनी तीन महिन्यांनी, मुलींनी चार महिन्यांनी पुन्हा द्यायला हरकत नाही. फॉर्मवर आजाराबद्दल विचारलेलं सगळं खरं लिहा. का, ते ब्रीच कँडीच्या गोष्टीत आलंच आहे. कुठल्या रक्तपेढीत कोणतं रक्त आहे, ते सरकारच्या ‘ई-रक्तकोष’वर दिसतं.

• फॅन क्लब असेल तर वाढदिवसाच्या केकऐवजी एक शिबिर घ्या. शक्यतो मे महिन्यात.

• १०८ नंबर सेव्ह करा. आपल्याकडे हेलिकॉप्टर नाही. घोडबंदर रोडवर किंवा हायवेवर रात्री कुणी पडलं, तर त्याच्यासाठी पहिली दहा मिनिटं तुमच्या हातात असतात. मदत करणाऱ्याला पोलीस चौकशीत अडकवतील, या भीतीने लोक पुढे होत नाहीत. पण मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये घातलेल्या १३४-अ कलमानुसार चांगल्या हेतूने मदत करणाऱ्याला संरक्षण आहे. आपलं नाव सांगण्याचीही त्याच्यावर सक्ती नाही.

१९८२ मध्ये ब्रीच कँडीबाहेर उभं राहणाऱ्यांना वाट बघण्यापलीकडे फारसं काही करता येत नव्हतं. आपल्याला येतं. आणि तुम्ही दिलेली बाटली तुमच्या लाडक्या होस्टला लागणारही नाही कदाचित. भाईंदरच्या एखाद्या सेटवर उंचावरून पडलेल्या लाइटमनला लागेल. त्याचीही कुणीतरी घरी वाट बघत असतं.